साडेतीन किलोची बंदूक

हाल्डिस आणि स्टाईनुल्व यांच्यातून विस्तव जात नव्हता, हे स्कोरडालच्या खोऱ्यातल्या मेंढ्यांनासुद्धा ठाऊक होतं. घटस्फोट झाला की माणसं दुसऱ्या गावाला जातात, निदान दुसऱ्या टोकाला तरी. ह्यांनी काय केलं, तर स्टाईनुल्व नदीच्या अलीकडे राहिला, हाल्डिस पलीकडे राहिली, आणि दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. सकाळी कुणाच्या धुराड्यातून आधी धूर निघाला, यावरूनही एकमेकांना पाण्यात पाहायची दोघांची तयारी.

एकेकाळी दोघांचं मिळून एक वर्कशॉप होतं. बायॅथलॉनच्या बंदुका बनवायचे. पाठीवर बंदूक टाकायची, स्कीवरून ऊर फुटेस्तोवर चढ चढायचे, मग छाती भात्यासारखी चालू असतानाच थांबून पाच काळे ठिपके पाडायचे आणि पुन्हा पळायचं. आमच्याकडची पोरं धड चालायला लागायच्या आधी हे शिकतात. नळी आणि चाप स्टाईनुल्वकडे, लाकडाचा दस्ता हाल्डिसकडे. दोघांच्या हातची बंदूक मिळावी म्हणून दुसऱ्या खोऱ्यातले लोक वर्ष वर्ष थांबायचे.

मग तो प्रसंग घडला. हाल्डिसचा धाकटा भाऊ आर्नग्रिम जिल्ह्याची शर्यत जिंकला आणि स्टाईनुल्व तिथे तपासनीस होता. चाप ओढायला निदान अर्ध्या किलोचा जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. शर्यत संपल्यावर स्टाईनुल्वने चापाला वजन टांगलं आणि चाप सुटला. तो चाप बसवला कुणी होता? ह्याच पठ्ठ्याने, स्वतःच्या हातांनी. चूक माझी आहे, असं त्याने चारचौघांत सांगितलं, आर्नग्रिमला बाद केलं, घरी आला आणि उकडलेले बटाटे सोलत जेवायला बसला. केसाएवढा फरक होता, तोंड मिटून घेता आलं नसतं का, असं हाल्डिसने विचारलं. तो म्हणाला, नाही. आर्नग्रिमने बंदूक सोडली आणि हाल्डिसने नवरा.

स्टाईनुल्व मग लाकडाच्या गिरणीत कामाला लागला, पण तपासनीसपद काही सोडलं नाही. वर्कशॉप हाल्डिसकडे राहिलं. मागे उरली एल्द्रिद, त्यांची मुलगी. आता एकोणीस वर्षांची. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे, असं करत वाढलेली, त्यामुळे कमी बोलणारी. ह्या घरातलं त्या घरात गेलं की आग लागते, हे तिला फार लवकर कळलं होतं.

पोरगी नेमबाजीत खोऱ्यात एक नंबर, पण अंगाने चिमणी. फॅक्टरीतली बंदूक पाठीवर घेऊन शेवटच्या चढावर तिचे पाय जड व्हायचे. धिप्पाड पोरी तिच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जायच्या. यंदा ज्युनियर संघात दोन जागा होत्या आणि जानेवारीअखेरच्या निवडशर्यतीत त्या ठरणार होत्या. वयाच्या नियमाने एल्द्रिदचं हे शेवटचं वर्ष. आत्ता नाही तर कधीच नाही, असा मामला.

तेव्हा हाल्डिसने मनाशी ठरवलं की पोरीला अशी बंदूक करून द्यायची, जी नियमात बसणाऱ्यांपैकी सगळ्यात हलकी असेल. नियम सांगतो, गोळ्या भरायच्या मॅगझिन काढून पण पाठीचे पट्टे धरून बंदूक साडेतीन किलोपेक्षा कमी भरता कामा नये. बाकीचे कारागीर शंभर-दीडशे ग्रॅम वर ठेवतात आणि सुखाने झोपतात. हाल्डिसला तसलं सुख नको होतं. तिला काटा नेमका साडेतीनवर आणायचा होता, आणि तो आणल्याचं नदीपलीकडे कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर पोरीच्या पाठीचा विचार जेवढा होता, तेवढाच त्या समोरच्या खिडकीचाही होता.

नळी आणि चाप तिने विकत आणले आणि सगळा उन्हाळा दस्त्यामागे लागली. अक्रोडाचा जुना वाळलेला ठोकळा घेतला, कोरत कोरत इतका पातळ केला की उजेडापुढे धरला तर पलीकडचं दिसेल की काय असं वाटावं. मुठीला एल्द्रिदच्या पंज्याचा आकार दिला, गालाखालचा भाग तिच्याच गालावर पुन्हा पुन्हा टेकवून घासला. मॅगझिन ठेवायचे खण पोखरले. नळीवरचं बर्फ अडवायचं झाकणसुद्धा कानशीने घासून अर्धं केलं. शेवटी थोडेसे ग्रॅम जास्त भरत होते आणि कुठून काढायचे ते कळेना. बाहेरून लाकडाला लाखेचा थर हवाच, पण आतले खण कुणाला दिसतात? आत लाख लावायचीच नाही, असं तिने ठरवलं. काटा साडेतीनवर येऊन थांबला, वर थोडी नखाएवढी जागा ठेवून. हाल्डिस त्या काट्याकडे पाहून एकटीच हसली.

ऑक्टोबरात स्टाईनुल्व वर्कशॉपमध्ये आला. एल्द्रिदचा आठवडा बदलायचा होता, तिच्या स्की गाडीतून उतरवायच्या होत्या, म्हणून. एरवी त्याने ती पायरी चढली नसती. बंदूक टेबलावर होती. त्याने विचारलं नाही, सरळ उचलली. एका हातावर तोलली, दस्त्याच्या आतल्या खणात बोट घालून चाचपलं, बोट नाकाशी नेलं.

"कितीला बसवलीस?"

"तुला काय करायचंय? जिथे बसवायची तिथे बसवली."

"साडेतीनला आणलीयेस तू. हाल्डिस, हे ऑक्टोबरचं लाकूड आहे. नदी खाली वाहतेय, भिंतींना ओल आहे. जानेवारीत हेच लाकूड वेगळं असतं."

नळ्या घासणाऱ्याने आपल्याला लाकूड शिकवावं, ह्याने हाल्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाप धड बसवता न येणाऱ्याने दुसऱ्याच्या दस्त्यात बोटं घालू नयेत, असं ती म्हणाली. हा घाव वर्मी लागणार हे तिला माहीत होतं आणि म्हणूनच तिने तो घातला. स्टाईनुल्वने बंदूक खाली ठेवली. खिशातून शिशाची एक छोटी पट्टी काढली, टेबलावर ठेवली, ही दस्त्याच्या मागच्या पत्र्याखाली बसव, एवढंच बोलला आणि निघाला. तो पायऱ्या उतरायच्या आत हाल्डिसने दार उघडून ती पट्टी त्याच्या मागे भिरकावली. ती त्याच्या बुटापाशी पडली. त्याने वाकून उचलली, खिशात टाकली आणि गाडीत बसला. एल्द्रिद स्की हातात धरून अंगणात उभी होती. तिने सगळं पाहिलं आणि स्की घेऊन आत आली.

बंदूक मात्र पोरीला अशी चपखल बसली की बघत राहावं. नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फावर एल्द्रिद सरावाला गेली आणि परत आली तेव्हा गाल लाल, डोळे चमकत होते. "आई, पाठीवर काही आहे असं वाटतच नाही गं," ती म्हणाली. एवढं बोलणं म्हणजे तिच्या मानाने भाषणच. हाल्डिसला स्वर्ग दोन बोटं उरला. बंदुकीचं कपाट एल्द्रिदच्या खोलीत होतं. नळीला गंज चढू नये म्हणून हाल्डिसने त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी टांगली आणि दर पंधरवड्याला ती आठवणीने बदलत राहिली. आईची माया म्हणतात ती हीच.

जानेवारीत थंडीने कहर केला. नदी गोठून पांढरी पडली, श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. घराघरांत शेगड्या दिवसरात्र भडकलेल्या आणि आतली हवा इतकी कोरडी की लोकरी स्वेटर काढताना ठिणग्या उडाव्यात. हाल्डिसने ह्या काळात बंदूक पुन्हा एकदा वजनावर ठेवली का? नाही ठेवली. कशाला ठेवेल? ठेवली असती तर त्या माणसाचं म्हणणं तपासून पाहिल्यासारखं झालं असतं.

निवडशर्यत आमच्याच खोऱ्यात होती. निम्मं गाव कामाला जुंपलेलं. कुणी वाट आखतंय, कुणी वॅफल भाजून त्यांवर तपकिरी चीजचे काप ठेवतंय. स्टाईनुल्व तपासणीच्या तंबूत, तराजूमागे. आता कुणी म्हणेल, बाप तपासनीस आणि पोर स्पर्धक, हे कसं चालतं? अहो, नात्यातली माणसं वगळायची म्हटली तर आमच्याकडे शर्यत भरवायला उरेल कोण? रानातली एल्क हरणं? आणि स्टाईनुल्व सख्ख्या पोरीलाही सोडणार नाही, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. हाल्डिस क्लबच्या बंदुका सांभाळायची, म्हणून दंडाला पट्टी बांधून तीही तंबूत हजर.

एल्द्रिदचा नंबर आला. चापाला वजन टांगलं, चाप टिकला. स्टाईनुल्वने मॅगझिन काढून बाजूला ठेवली आणि बंदूक तराजूवर ठेवली. आकड्याकडे बघितलं. उचलून पुन्हा ठेवली.

"कमी आहे," तो म्हणाला. "नऊ ग्रॅम."

हाल्डिस पुढे सरसावली. असं होणंच शक्य नाही, तराजू खोटा आहे, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं. प्रशिक्षक श्यूर हा मऊ माणूस. तो हळूच म्हणाला की अजून वेळ आहे, काहीतरी चिकटवू आणि मोकळे होऊ. एल्द्रिदही म्हणाली, "आई, चिकटपट्टी दे." हाल्डिसच्या कानात कुणाचंच काही शिरलं नाही. तिला समोर फक्त तो माणूस दिसत होता, त्याचं ते कोरं तोंड आणि आर्नग्रिमला बाद केल्यावर त्याने सोललेले बटाटे.

"प्रमाण वजन आण," ती म्हणाली. "मला हक्क आहे मागायचा."

हक्क होताच. आणि स्टाईनुल्व नियमाचा माणूस. हक्क मागितला म्हटल्यावर त्याने वाद घातला नाही, पंचांच्या झोपडीतून वजन मागवलं. पंचप्रमुख गुडवाईग, निवृत्त मास्तरीण, बर्फातून तोल सावरत ते घेऊन आली. वजन ठेवलं, आकडा ग्रॅमाचाही इकडचा तिकडे झाला नाही. आता तरी गप्प बसावं? हाल्डिस म्हणाली, थंडीत तराजूचं डोकं फिरतं, दुसरा आणा. दुसरा आणला. त्यातही नऊच कमी.

त्या क्षणी तिला सगळं कळलं. उघडे ठेवलेले खण, शेगडीची हवा आणि कपाटातली ती दाण्यांची पिशवी, दर पंधरवड्याला आपल्याच हातांनी बदललेली. लाकूड आतून वाळत गेलं होतं, ग्रॅम-ग्रॅम करत. कबूल करायला एक शब्द पुरला असता, पण तो शब्द त्याच्यासमोर काही केल्या तोंडातून निघेना.

बाहेर लाउडस्पीकरवर एल्द्रिदच्या पुढच्या मुलींचे नंबर पुकारायला लागले होते. स्टाईनुल्वने खिशात हात घातला आणि शिशाची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तीच, ऑक्टोबरमधली.

बस. हाल्डिसचा बांध फुटला.

"खिशात घेऊन आलास? म्हणजे तुला माहीत होतं. तीन महिने माहीत होतं आणि तू आज, इथे, सगळ्यांसमोर माझं नाक कापायची वाट बघत बसलास."

"ऑक्टोबरात सांगितलं होतं."

"मग नंतर एक फोन करता आला नाही?"

"तू ठेवला असतास."

ठेवला असताच. ते खरं होतं म्हणूनच तिला सहन झालं नाही. तिने ती पट्टी उचलली आणि तंबूच्या उघड्या दारातून बाहेर, बर्फात, जोर लावून फेकली. ह्या वेळी ती कुणाच्या बुटापाशी पडली नाही. मऊ बर्फात एक बारीकसं भोक पडलं आणि पट्टी आत गेली.

मग एल्द्रिद बाहेर गेली. पायांतल्या स्की काढल्या, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बर्फ उकरायला लागली. शर्यतीचे पातळ कपडे, पातळ हातमोजे. श्यूर धावत गेला, तोही उकरायला लागला. गुडवाईग म्हातारीसुद्धा वाकली. आईबाप तेवढे टेबलाच्या दोन बाजूंना उभे. तो तराजू सोडून जाऊ शकत नव्हता, नियम तसा होता. ती का हलली नाही, ते तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही.

लाउडस्पीकरवर एल्द्रिदचा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. सुरुवातीच्या दाराशी घड्याळ टिकटिकत राहिलं, आणि आमच्या खेळात तुम्ही असा की नसा, तुमची वेळ चालू होते. पट्टी सापडली. एल्द्रिदने सुन्न झालेल्या बोटांनी आणि दातांनी चिकटपट्टी फाडली, शिसं दस्त्याखाली गुंडाळलं, बंदूक तराजूवर ठेवली. "चालेल," स्टाईनुल्व म्हणाला. पोरीने बंदूक पाठीवर घेतली आणि दोघांपैकी कुणाकडेही न बघता, स्की चढवून पळाली. दारातून निघाली तेव्हा मिनिटाच्या वर वेळ गेला होता.

आणि मग ती जी धावली, ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. झोपून पाच, पाचही पडले. उभ्याने पाच, बोटं बधिर असताना, तेही पाचही पडले. शेवटच्या चढावर, जिथे दरवर्षी तिचे पाय जड व्हायचे, तिथे ती पाखरासारखी वर गेली. बंदूक होतीच तशी. हाल्डिस दोरीपलीकडे उभी राहून मुठी आवळत होती, दात-ओठ खात होती, देवाला विनवत होती. शेवटची रेषा ओलांडून एल्द्रिद बर्फावर आडवी पडली आणि फळ्यावर तिचं नाव चढलं. तिसरं. दुसरीपेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे.

जागा दोन होत्या. त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती.

तंबू रिकामा झाला होता. शर्यतीनंतरची तपासणी संपवून स्टाईनुल्व तराजू पुसत होता. हाल्डिस दाराशी उभी. एल्द्रिद आली, अंगावर श्यूरचं जाड जाकीट, पापण्यांवर बर्फ. रडलेली नव्हती. तिने पाठीवरची बंदूक उतरवली आणि दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवली.

"आई, इतकी चांगली बंदूक माझ्या हातात कधी आली नव्हती," ती म्हणाली. "बाबा, तुमचं म्हणणंही बरोबर होतं. दोघंही बरोबर आहात तुम्ही. नेहमीसारखे."

"एल्द्रिद, माझं ऐक..." हाल्डिस म्हणाली.

"नको. मी पट्टी शोधत होते तेव्हा तू उभी होतीस. तुम्ही दोघंही उभे होतात." तिने जाकिटाची चेन वर ओढली. "पुढच्या मोसमाला मी फॅक्टरीतली बंदूक घेईन. जड असली तर असू दे. तिच्यात कुणाचं भांडण नसतं. आणि मी शहरात राहायला जातेय, वसतिगृहात. आता आठवडे वाटून घ्यायला नकोत तुम्हाला."

ती गेली. क्लबची बस तंबूच्या मागे गरम होत उभी होती. तिच्या मागे धावत जावं, हातपाय धरावेत, माझं चुकलं म्हणावं, असं हाल्डिसच्या मनात आलं. आलं आणि पाय उचललाही. तेवढ्यात स्टाईनुल्वने बंदुकीवरची चिकटपट्टी सोडवायला घेतली.

"हे काय करतोयस?"

"शिसं माझं आहे."

"हात लावू नकोस. आधी वजन कर. शिशासकट किती भरते ते बघून त्यातून शिसं वजा करायचंय मला. तू म्हणतोस तेवढी कमी नव्हतीच ती, पाच-सहा असेल."

"नऊ होती. तू स्वतः बघितलंस, दोन तराजूंवर."

"बघितलं. आता परत बघू."

त्याने तराजू पुन्हा चालू केला. तिने बंदूक त्यावर ठेवली, तो म्हणाला बर्फ झटक, दस्त्यावर बर्फ आहे. ती म्हणाली बर्फ कुठेय, दाखव. त्याने दाखवला. तिने बाहीने पुसला. आकडा स्थिर व्हायला वेळ लागत होता म्हणून दोघं वाकून, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ येऊन बघत राहिले.

मागे बसचा हॉर्न वाजला, एकदाच, बारीकसा. हाल्डिसने मान वर करून दाराकडे पाहिलं. बस वळणावर पोचली होती. मागच्या खिडकीला एक चेहरा टेकलेला होता आणि तो तंबूकडेच बघत होता, किती वेळापासून कोण जाणे. हाल्डिसने हात वर केला, तोवर बस वळली होती.

"नऊ," मागून स्टाईनुल्व म्हणाला.